तिसरा खंड कुठे गेला?

बस इथे. फोन वाजतोय तर वाजू दे. आज तुला दोन वाक्यं सुनावून सोडणार नाही मी. आणि बाकीच्यांनीही माना खाली घालून लिहिण्याचं सोंग करू नका, हे सगळ्यांसाठी आहे. अर्ध्या अभ्यासिकेच्या मोबाईलमध्ये ते वेगवाचनाचं ॲप आहे हे मला ठाऊक आहे. चष्मा लागलाय मला, आंधळी नाही झाले.

सकाळी काय म्हणालास मला? "बाई, माझा स्पीड नऊशेवर गेला." मिनिटाला नऊशे शब्द! तोंड असं फुललेलं, जणू राज्यसेवेची यादी लागलीय आणि पहिलं नाव तुझंच आहे. मी म्हटलं, छान, मग संविधानाचा अनुच्छेद २२ वाचून दाखव. तू तो ॲपमध्ये चिकटवलास, एकेक शब्द पडद्यावर लुकलुकून गेला, आणि मिनिट व्हायच्या आत विजयी मुद्रेने वर बघितलंस. मी एकच प्रश्न विचारला, तोही सोपा. पोलिसांनी पकडलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायलाच लागतं का? आणि तू छातीठोकपणे सांगितलंस, "हो बाई, मूलभूत हक्क आहे तो. प्रत्येकाचा."

प्रत्येकाचा म्हणे! उघड पुस्तक. छापील उघड. आणि माझ्याबरोबर बोट ठेवून खाली ये.

पहिला खंड. अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण लवकरात लवकर सांगायचं आणि त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायला आडकाठी करायची नाही. दुसरा खंड. चोवीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचं. इथे थांब. याच वाक्याच्या पोटात एक तुकडा आहे, तो तुला दिसलाच नाही. अटकेच्या ठिकाणाहून न्यायालयापर्यंत प्रवासाला जेवढा वेळ लागणं आवश्यक आहे, तो या चोवीस तासांत धरत नाहीत. भामरागडच्या जंगलात माणूस पकडला आणि दंडाधिकारी अहेरीला बसत असला, तर घड्याळ कुठून कुठपर्यंत मोजायचं? परीक्षक यावर चार पर्याय डाव्या हाताने काढेल आणि तू त्यातल्या सगळ्यात चुकीच्या पर्यायाला गोल करून पुढच्या प्रश्नाकडे धावशील.

आता तिसरा खंड. वाच मोठ्याने. मगाशी दिलेलं पहिल्या आणि दुसऱ्या खंडातलं काहीही दोन प्रकारच्या माणसांना लागू नाही. एक, शत्रुदेशाचा नागरिक. दुसरा, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेला किंवा डांबलेला कोणीही. म्हणजे वकील नाही, चोवीस तास नाहीत. तू ज्याला "प्रत्येकाचा" म्हणालास तो हक्क त्याच्याच पुढच्या खंडात काही माणसांकडून काढून घेतलाय. हा खंड तुझ्या डोळ्यांसमोरून गेला, बरं का. ॲपने प्रामाणिकपणे दाखवला. पण सेकंदाला पंधरा शब्दांच्या वेगाने तो आला, आणि तो आपल्याला काय करायला आलाय हे तुला कळायच्या आत निघून गेला.

खाली ये अजून. चौथा खंड. अशी स्थानबद्धता तीन महिन्यांपलीकडे न्यायची तर सल्लागार मंडळाचा अहवाल लागतो. पाचवा म्हणतो, डांबलेल्याला कारणं शक्य तितक्या लवकर कळवा, त्याला म्हणणं मांडू द्या. सहावा म्हणतो, पण जी वस्तुस्थिती उघड करणं सरकारला लोकहिताविरुद्ध वाटेल ती सांगायची सक्ती नाही. सातवा संसदेच्या हातात आणखी काही देतो. बघ कसं रचलंय. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने आवळलं, पुन्हा थोडं सैल सोडलं. हा अनुच्छेद डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये मसुद्यातला '१५-अ' म्हणून घटना समितीपुढे ठेवला, तेव्हा त्याच्या शब्दाशब्दावर सदस्य तुटून पडले होते. लोकांनी इतकं भांडून बसवलेली वाक्यं तू अर्ध्या मिनिटात गिळलीस, आणि ढेकर दिलास तो चुकीचा.

आणि त्या चौथ्या खंडाची तळटीप? १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तीन महिन्यांचे दोन महिने केले. पण दुरुस्ती कायद्यातलं ते कलम अमलात आणण्याची अधिसूचना केंद्राने आजवर काढलेली नाही. म्हणून मूळ मजकुरात तीन आणि टिपेत दोन. भरधाव वाचणारा यातला जो आकडा आधी दिसेल तो उचलतो आणि त्यावरून मित्रांशी पैजा लावतो. तुझ्या ॲपला तळटीप नावाची गोष्ट कळतच नाही. मजकूर चिकटवताना टीप सोबत आलीच तर ती वाक्याच्या ऐन मध्यात घुसून बसते, आणि तुला वाटतं संविधानच तसं आहे.

हसू नका मागे कोणी.

आता या ॲपचं बिंग काय आहे ते समजून घे, कारण तुला वाटतं मी जुन्या वळणाची बाई, मला नव्याचं वावडं. २०१४ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये 'स्प्रिट्झ' नावाच्या कंपनीने हे गाजवलं. पडद्यावर एकाच जागी एकेक शब्द येतो, त्यातलं एक अक्षर लाल असतं, नजर तिथेच खिळवायची. दावा असा की वाचताना माणसाचा बहुतेक वेळ डोळे हलवण्यात वाया जातो. डोळेच हलवू नका, वेळ वाचेल! ऐकायला किती गोड. पण डोळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे कधीच मोजून ठेवलंय. वाचताना नजर सरकत नाही, ती उड्या मारते. एक उडी सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्यात संपते. खरा वेळ जातो तो उडीनंतर शब्दावर टेकण्यात, साधारण पाव सेकंद. आणि त्या पाव सेकंदात डोकं काम करत असतं. म्हणजे या लोकांनी जी गळती बुजवली म्हणून जाहिरात केली, तिथून फारसं काही गळतच नव्हतं.

बरं, नजर नेहमी पुढेच जाते का? नाही जात. शंभर उड्यांतल्या दहा ते पंधरा उड्या मागे असतात. चांगल्या वाचकाच्यासुद्धा. या मागच्या उड्यांना तुझं ॲप 'वाईट सवय' म्हणतं, मी वाचलंय त्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी, एलिझाबेथ शॉटर आणि कीथ रेनर यांनी, २०१४ मध्येच याची परीक्षा घेतली. वाचणाऱ्याची नजर पुढे गेली की मागच्या शब्दांच्या जागी नुसत्या फुल्या यायच्या. मागे वळून बघायची सोयच काढून घेतली. आकलन घसरलं. डोकं अडलं की नजर मागे जाते, आपण सांगतो म्हणून नव्हे, आपोआप. तुला तिसऱ्या खंडाशी पोचल्यावर दुसऱ्याकडे वळून बघायला हवं होतं. ॲपमध्ये दुसरा खंड तेव्हा अस्तित्वातच नव्हता. कुठे बघणार होतास, कपाळात?

पापणी लवते ना तुझी? मिनिटाला नऊशे म्हणजे एका शब्दाला सेकंदाचा पंधरावा हिस्सा. एकदा पापणी मिटून उघडली की दोनेक शब्द गेले. त्यातला एखादा 'वगळून' असला की संपलं.

आता तू म्हणशील, बाई, एकेक वाक्य तर कळत होतं! कळत असेल, मी नाही म्हणत नाही. सुटं, छोटं वाक्य फार वेगाने दाखवलं तरी माणसाला कळू शकतं, तेही प्रयोगांत दिसलंय. वाक्यामागून वाक्य येऊ लागलं की गाडं अडतं. पहिल्याचं काय झालं हे ठरवायला, त्याची दुसऱ्याशी गाठ मारायला डोक्याला क्षणभर उसंत लागते, आणि ती उसंत तू पैसे भरून काढून टाकलीस. त्यामुळे वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. माझा राग आहे तो या वाटण्यावर. ज्याला कळलं नाही हे कळतं तो विचारायला येतो. तू विचारायला आला नाहीस, तू आकडा दाखवायला आलास.

हे खूळ काही आजचं नाही. १९५९ मध्ये इव्हलिन वुड नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने वेगवान वाचनाचे वर्ग काढले, पानावरून हात फिरवत नजर खाली खेचायची असा प्रकार. तुफान चालले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही तो अभ्यासक्रम केला होता. मग मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कारपेंटर या मानसशास्त्रज्ञांनी असे वर्ग केलेल्यांना, नेहमीसारखं वाचणाऱ्यांना आणि नुसतं चाळणाऱ्यांना एकाच मजकुरावर बसवलं. सोप्या मजकुराचा ढोबळ सारांश वर्गवाल्यांना बरा सांगता आला. बारकावे विचारले, किंवा मजकूर अवघड दिला, की वर्गवाले आणि चाळणारे एका माळेचे मणी. नेहमीसारखं वाचणारा दोघांच्याही पुढे. म्हणजे फी भरून ते चाळायला शिकले होते. १९९८ मध्ये तर अशाच एका वेगवाचनाच्या कार्यक्रमाच्या जाहिरातींवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली. पन्नास-साठ वर्षांत हात जाऊन लाल अक्षर आलं, बाकी तेच.

आणि हा नऊशेचा आकडा तरी कुठल्या भाषेतला? मोठ्या माणसाचा इंग्रजीतला मौन वाचनाचा सरासरी वेग मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढला, तो माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द भरला. तू ऐटीत म्हणालास, "म्हणजे मी चौपट." इंग्रजीत शब्द सुटे सुटे पडलेले असतात. आपल्याकडे विभक्ती, शब्दयोगी अव्यय, सगळं नामाच्या पाठीवर बसतं. 'स्थानबद्धतेसंबंधीच्या' हा तुझ्या ॲपला एक शब्द, आणि 'व' हाही एकच शब्द. ॲप फार तर लांब शब्दाला किंचित जास्त थांबतं. त्यात तुझ्या त्या ॲपमध्ये लाल रंग जोडाक्षराच्या मधोमध पडतो, 'स्था'चा 'स्' काळा आणि 'था' लाल, मी बघितलं सकाळी. ज्याने ते बनवलं त्याला देवनागरी अक्षर कुठे सुरू होतं नि कुठे संपतं हेही धड ठाऊक नाही, आणि त्याच्या मापाने तू स्वतःला मोजतोयस.

दुसरी गोष्ट मराठी व्याकरणाची आहे आणि ती तुला शाळेत शिकवली होती. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. "राज्यपालांना असा अधिकार असल्याचे या तरतुदीवरून अनुमानाने मान्य करता येईल असे म्हणता येणार नाही." किती शब्द झाले? आणि अर्थ फिरला कुठे? शेवटच्या शब्दावर. सरकारी मराठी अशीच असते, आवडो न आवडो, तुला त्याच मराठीत नोकरी करायचीय. सगळं वाक्य डोक्यात धरून शेवटाशी पोचायचं आणि मग ते उलटं करायचं, हे पळता पळता होत नाही. म्हणून तर मनातल्या मनात उच्चार करत वाचतो आपण. तुझं ॲप तो उच्चार बंद करायला सांगतं. अजिबात करू नकोस. वाक्याचा हेल कानात वाजला तरच 'नाही' कुठे लागलं ते कळतं, आणि संशोधनही हेच म्हणतं की तो आतला आवाज दाबला तर आकलनाचं नुकसान होतं.

"पण बाई, पेपर पुरा होत नाही." आलं, मला माहीत होतं हे येणार. काढ कागद. पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, ८० प्रश्न, दोन तास. समज दहा उतारे आले, प्रत्येकी तीनशे शब्दांचे. किती झाले? तीन हजार. मिनिटाला दोनशेच्या, अगदी माझ्यासारख्या म्हाताऱ्या वेगाने वाचलेस तर पंधरा मिनिटं. एकशेवीसपैकी पंधरा. तुझ्या नऊशेच्या वेगाने सव्वातीन-साडेतीन मिनिटं. म्हणजे एवढं सगळं दिव्य करून वाचली जेमतेम बारा मिनिटं, तीही उतारा कळला असं धरून. तो कळलेला नसतो, म्हणून प्रत्येक प्रश्नाला पुन्हा उताऱ्याकडे पळतोस, पुन्हा तेच वाचतोस, मग 'ब' की 'क' यात लोंबकळतोस. वेळ तिथे जातो. तुमच्या सराव पेपरांवरची खाडाखोड मी बघते ना! उताऱ्याच्या कडेला एक खूण नसते आणि पर्यायांवर मात्र गोलावर गोल. पहिल्या वाचनात पाच मिनिटं जास्त घातलीस तर मागची वीस वाचतील. आणि चुकीच्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण कापले जातात हे विसरू नकोस. "पुढीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?" यातला 'अ' गाळणारी मुलं या अभ्यासिकेतून दरवर्षी निघतात, आणि पेपर अवघड होता म्हणून गावी सांगतात.

तेही एक वेळ खपून जाईल पूर्वपरीक्षेला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय. चारांतला ओळखीचा वाटेल तो गोल काळा करायची सोय गेली. कोरं पान समोर येणार आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेवर टीकात्मक लिहा म्हणणार. तेव्हा आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येईल? लुकलुकलेले शब्द ओळखू येतात, आठवून लिहिता येत नाहीत. हा फरक तुला मार्कांत दिसेल.

आणि तू गं, पहिल्या बाकावरची, गालातल्या गालात काय चाललंय? तुझी पाळी यायचीच होती. तू भिंतीवर तक्ता लावलास, यंदा किती पुस्तकं झाली त्याचा, आणि दर रविवारी एक चौकोन रंगवतेस. इरावती कर्वे यांचं 'युगान्त' एका दुपारीत झालं म्हणालीस. मी विचारलं काय वाचलंस, तर उत्तर आलं, "इरावतीबाईंनी सिद्ध केलंय की विदुर हाच धर्मराजाचा बाप." कुठे सिद्ध केलंय? त्यांनी प्रश्न टाकलाय. महाभारतातले प्रसंग पुढे ठेवलेत, त्यांचा उजेड कुठवर पडतो ते दाखवलंय. तू प्रश्नचिन्ह गिळून बाकीचं घेऊन आलीस. भीष्मावरचा लेख वाचून म्हणालीस "महान त्यागी". तो त्याग कोणाच्या उपयोगी पडला आणि त्याची झळ कोणकोणत्या बायकांना लागली, हा त्या लेखाचा कणा आहे! १९६७ साली आलेलं पुस्तक, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आजही त्यावर वाद घालणारी माणसं आहेत, आणि तुझ्याकडे त्याचा एक हिरवा चौकोन आहे. काढ तो तक्ता. आज संध्याकाळी काढ.

दुपटीच्या वेगाने व्याख्यानं ऐकणाऱ्यांनो, तुमचं मी वेगळं घेईन. तूर्त इतकंच: शिकवणारा जिथे थांबतो तिथे तो पाणी प्यायला थांबत नाही.

भरभर वाचूच नका, असं मी म्हणत नाहीये. हे उद्या बाहेर जाऊन कोणी सांगितलं की बाईंचा वेगाला विरोध आहे, तर त्याचा कान पिरगाळीन. रोजचा पेपर मी चहा निवायच्या आत संपवते. अपघात, सत्कार, कोण कोणाला काय म्हणाला, यावर नजर टाकायची आणि पुढे जायचं, अग्रलेखाशी थांबायचं. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते, ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा बावळट. अनुक्रमणिका बघ, हवा तो तक्ता काढ, मागच्या वर्षीचा शेजारी ठेव, संपलं. त्याला चाळणं म्हणतात आणि ते यायलाच हवं. चाळलंस तर चाळलं म्हण, एवढंच. चाळून आलास आणि 'वाचलं' म्हणून सही केलीस तर मी पकडणार.

वेग वाढवायचाच आहे? वाढतो की. फक्त पडद्यावर नाही वाढत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ ज्याला माहीत आहे, तिथेही हेच चोवीस तास आणि हाच प्रवासाचा वेळ आहे, त्याला अनुच्छेद २२ चा दुसरा खंड वाचायला तुझ्या निम्मा वेळ लागेल, आणि तुझ्यापेक्षा जास्त कळेल. कारण त्यातलं अर्धं त्याच्याजवळ आधीच आहे. शब्द माहीत असले, विषय माहीत असला, की नजर आपसूक कमी टेकते, कमी मागे जाते. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या विषयावरचं सगळं संशोधन तपासून जो मोठा लेख लिहिला, त्याचाही निष्कर्ष असाच होता: आकलन शाबूत ठेवून वेग दुप्पट-तिप्पट करण्याची कुठलीही हिकमत नाही, भाषेवरची पकड वाढवा. रेनर तो लेख छापून आलेला पाहायला राहिले नाहीत. चाळीसेक वर्षं लोकांच्या डोळ्यांच्या उड्या मोजणाऱ्या माणसाने शेवटी हे सांगितलंय, आणि तू मला ॲपची जाहिरात वाचून दाखवतोस.

तेव्हा आता काय करायचं ते ऐक. ॲप काढून टाक असं मी सांगणार नाही. मी सांगितलं म्हणून काढशील आणि रात्री परत घालशील. वर्गणी भरलीच आहेस, तर पेपरातल्या सटरफटर बातम्यांसाठी वापर. संविधान, कायदे, अहवालातले निष्कर्ष आणि ज्याच्या पानावर 'परंतु' आहे असं काहीही, ते कागदावर. पेन्सिल हातात. 'परंतु', 'मात्र', 'वगळून', 'खेरीज', 'अन्यथा', 'अधीन राहून', यातला शब्द आला की त्याला गोल कर आणि तिथून मागच्या वाक्यावर जा. खंड संपला की पुस्तक पालथं घाल आणि मला सांगतोयस असं समजून भिंतीला सांग. अडलास की उघड. पहिल्या आठवड्यात तुझा वेग इतका पडेल की रडू येईल. येऊ दे. सोपी पानं भरभर जायला लागतील आणि अवघड पानं अवघडच राहतील. त्यातलं कुठलं पान कुठल्या जातीचं, हे उघडल्या उघडल्या ओळखायला लागलास की मग माझ्याकडे वेगाबद्दल बोलायला ये.

चल, ऊठ. संध्याकाळी सातला इथेच. अनुच्छेद २२, सातही खंड, तोंडी, पुस्तक माझ्या हातात. मध्येच "साधारण असं आहे बाई" म्हणालास तर पुन्हा पहिल्यापासून. आणि येताना घटना समितीच्या सप्टेंबर १९४९ मधल्या त्या चर्चेची पानं छापून आण, संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इंग्रजीत आहेत. शब्दकोश कपाटात वरच्या फळीवर आहे, धूळ झटकून घे.